एका टाकीत पुणे

शेवटचा साधा दिवस गुरुवार होता, आणि त्या दिवशीही नानांनी गाडीचीच तक्रार केली.

हेमांगी तेव्हा चाकणच्या चाचणी-पट्ट्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये डबा उघडून बसली होती. समोरच्या गोल रस्त्यावर तीन गाड्या एकीमागून एक फिरत होत्या. फोन वाजला तसा तिनं तो डब्याच्या झाकणाला टेकवून ठेवला.

"बोला नाना."

"काय बोलणार? तुमच्या कंपनीच्या गाडीनं मान टाकली आहे."

"बंद पडली?"

"बंद पडली असती तर बरं. एकदाचा निकाल लागला असता. चालते आहे. पण ॲव्हरेज पडलंय गं, हेमे. टाकी फुल केली की आधी पाचशे साठ दाखवायची. मग पाचशे झालं. आज सकाळी चारशे दहा. मी काय उपाशी ठेवतो का तिला?"

"टायरमधली हवा बघितलीत?"

"बघितली."

"एसी किती लावता?"

"मे महिना आहे आणि फैजपूर आहे. एसी न लावता ॲव्हरेज वाचवायचं, ते कुणासाठी?"

"पंपावरच्या पेट्रोलमधलं एथेनॉल परत वाढलंय, नाना. त्यानं थोडं पडणारच."

"थोडं म्हणजे दीडशे किलोमीटर? आणि पडद्यावर रोज एकच पाटी. इंधनाची प्रत तपासा. मी तीन पंप बदलले. सावद्याचा राणे तर आता मला लांबून बघूनच चष्मा पुसायला लागतो."

प्राध्यापक प्रल्हाद भोळे यांनी फैजपूरच्या कॉलेजात तीस वर्षं इतिहास शिकवला होता. बायको गेल्यावर ते घरात एकटे राहत. यंत्रांशी त्यांचं नातं सासुरवाडीतल्या लांबच्या पाहुण्याशी असतं तसं होतं: मान द्यायचा, पण विश्वास ठेवायचा नाही. ही गाडी त्यांनी घेतली ती केवळ पुढच्या पडद्यावर जो आकडा उमटतो तो आपल्या मुलीचा आहे म्हणून. टाकीत आहे तेवढ्या इंधनात गाडी अजून किती किलोमीटर जाईल, तो आकडा. रावेरला बहिणीकडे जाताना ते वाटेत भेटेल त्याला दाखवत, "हे बघा, हा हेमांगीचा."

"नाना, फुल टू फुल करून बघा," ती घास गिळत म्हणाली. "टाकी काठोकाठ भरा. ट्रिप शून्य करा. निदान शंभर किलोमीटर चालवा, मग त्याच पंपावर, त्याच नळीनं परत काठोकाठ. दुसऱ्यांदा जेवढे लिटर जातील त्यानं किलोमीटरला भागायचं. तो खरा आकडा. पडद्यावरचा शेवटी अंदाज असतो."

"अंदाज कशावरून करते ती?"

"मागच्या चालवण्यावरून."

"म्हणजे मागचं बघून पुढचं सांगते. मी वर्गात तीस वर्षं तेच केलं. मला कुणी सेन्सर म्हटलं नाही."

ती हसली. पुढे बरेच दिवस तिला त्या हसण्याचा आधार वाटत राहिला.

"मला एवढंच सांग," नाना म्हणाले, "एका टाकीत पुणे होईल का?"

"आपल्या घरापासून माझ्या घरापर्यंत चारशे तीस. पण वाटेत भरा की. संभाजीनगरला रस्त्याला पंपच पंप आहेत."

"वाटेत उतरायचा कंटाळा येतो आता."

"मग ट्रेननं या. भुसावळला बसलं की झालं."

"बघू." मग थोडं थांबून, "तूच एकदा येऊन बघ ना गाडी. तुझ्याच हातची आहे ती."

"यायची गरजच नाही, नाना. पडद्यावर एक परवानगी मागेल, तिथे 'मान्य' दाबा. मला इथे बसल्या बसल्या सगळं दिसेल."

"दाबतो. बरं, जेव तू. डब्यात काय आहे?"

"गवार."

"मग नको जेवू," नाना म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी तिच्या फोनवर सूचना आली. वाहनमालकानं परवानगी दिली आहे. तिनं ती वाचली आणि पुढच्या आठवड्यावर टाकली.

*

गाडी अजून किती जाईल, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. टाकीत किती लिटर आहे ते गाडीला कळतं. एका लिटरला ती किती जाईल, ते मात्र अजून न झालेल्या प्रवासावर अवलंबून असतं आणि ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून जुन्या गाड्या सरळ मागे बघत. गेल्या पन्नास-साठ किलोमीटरचं ॲव्हरेज काढायचं, उरलेल्या लिटरनं गुणायचं, आकडा दाखवायचा. त्यामुळे घाट उतरून आलेली गाडी मोठमोठ्या बाता मारायची आणि घाट चढून आलेली रडकुंडीला यायची. माणसांनी त्या आकड्यावर विश्वास ठेवणं सोडलं होतं.

हेमांगीनं सहा-सात वर्षं घालवून यातला गुंता सोडवला होता. पेट्रोल नेमकं कुठे जातं, ते तिनं वेगवेगळं केलं. रस्त्याचा चढ किती खातो, ते नकाशावरून कळतं. वारा, उष्णता, टायरमधली हवा, गाडीतलं वजन, एसी, पेट्रोलमधलं एथेनॉल, प्रत्येकाचा वाटा बाजूला काढता येतो. हे सगळं वजा केल्यावर शेवटी काहीतरी उरतं. ते रस्त्याचं नसतं, गाडीचंही नसतं. ते उजव्या पायाचं असतं.

काही माणसं पेडलवर पाय ठेवतात तो दुधाच्या पातेल्याखालची आच सांभाळावी तसा. काही जण दाबतात, मग घाबरून ब्रेक मारतात, मग परत दाबतात. दर वेळी ब्रेक लागला की जाळलेलं पेट्रोल चाकाच्या तबकडीवर नुसतं गरम होऊन हवेत जातं. हेमांगीनं हजारो चालकांचा हा उरलेला वाटा तपासला आणि तिला एक नवल दिसलं. माणूस गाडी बदलतो, गाव बदलतो, पण त्याचा हा वाटा बदलत नाही. अक्षरासारखा तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. त्याला तिनं चालक-गुणक असं नाव दिलं. तो आकड्यात मिसळताच पडद्यावरचा अंदाज एकदम खरा यायला लागला.

तिचे वरिष्ठ दामले खूश झाले. फक्त एक अट त्यांनी घातली होती.

"हा गुणक पडद्यावर कधी दिसायचा नाही," ते बैठकीत म्हणाले होते. "ॲव्हरेज पडलं तर गाडीनं रस्त्याला दोष द्यावा, पेट्रोलला द्यावा. मालकाला देऊ नये. मालक गाडी बदलतो, पाय बदलत नाही."

सगळे हसले होते. तीही.

"आणि समजा गुणकच बिघडत गेला तर?" कुणीतरी विचारलं.

"तो बिघडत नाही," हेमांगी म्हणाली होती. "दहा वर्षांत जेमतेम हलतो. एकाएकी बदललेला दिसला तर ती मोजमापातली चूक समजायची, आणि तो फरक इंधनाच्या वाट्यात टाकायचा."

ती ओळ तिनं स्वतः लिहिली. गुणक ठरावीक मर्यादेपलीकडे हलला की फरक इंधनावर टाका, आणि चालकाला दाखवा: इंधनाची प्रत तपासा.

*

शुक्रवारी सकाळी नाना घरून निघाले आणि सावद्याला राण्यांच्या पंपावर त्यांनी टाकी काठोकाठ भरली. मग शंभर किलोमीटर कुठे चालवायची म्हणून बऱ्हाणपूरला गेले. तिथे त्यांचं काही काम नव्हतं. एरवी ते बऱ्हाणपूरला गेले की अर्धा दिवस राजवाड्यात रमत. त्या दिवशी नदीच्या पुलाशी गाडी वळवली आणि परत आले. पंपावर दुसऱ्यांदा टाकी भरून झाली. ते खाली उतरले, नळीच्या मीटरवरचा आकडा वाचला, चष्मा वर केला, परत वाचला, आणि गाडीच्या दाराला धरून खाली बसले.

जळगावच्या दवाखान्यात हेमांगी पोचली तेव्हा ते तिला ओळखण्यापलीकडे गेले होते. रविवारी सकाळी संपलं.

डॉक्टर झोपे तरुण होते, नानांच्याच कॉलेजात कधीकाळी बारावीपर्यंत शिकलेले. त्यांनी तिला खुर्ची दिली आणि मेंदूचं चित्र पडद्यावर लावलं.

"हा शेवटचा झटका. मोठा. पण हे बघा, इथे, इथे, आणि हा खालचा ठिपका. हे जुने आहेत, काही महिन्यांपूर्वीचे. असे बारीक झटके येऊन जातात, माणसाला कळतही नाहीत. डाव्या बाजूला आहेत, म्हणजे त्रास उजव्या अंगाला. चप्पल पायातून निसटते, पाय जड वाटतो, एवढंच. वेळेत कळलं असतं तर गोळ्यांवर बरंच काही..." ते तिच्याकडे वळले. "सरांनी कधी काही तक्रार केली होती?"

"नाही," हेमांगी म्हणाली.

मग तिला वाटलं, डॉक्टरांना खरं ते सांगावं.

"गाडीची करायचे. ॲव्हरेज देत नाही म्हणून."

डॉक्टरांनी मान हलवली. लोक अशा वेळी काहीबाही बोलतात, ते त्यांना माहीत होतं.

*

तेरावं झाल्यावर गाडी आणायला ती सावद्याला गेली. सोबत इंदूआत्या होती, नानांची रावेरची थोरली बहीण. हेमांगीनं नको म्हटलं तरी ती रिक्षात येऊन बसली.

गाडी पंपाच्या मागच्या अंगाला, कडुनिंबाखाली उभी होती. राण्यांनी माणसं लावून ढकलत तिथे नेली होती आणि वर जुनी ताडपत्री टाकली होती. चावी द्यायला ते स्वतः बाहेर आले.

"ताई, वाईट झालं. सर म्हणजे काय बोलायचं..." ते चावी हातातच धरून घुटमळले. "एक सांगू का? राग मानू नका. पेट्रोल माझं चांगलं होतं हो. सर दर वेळी चार लोकांत बोलायचे, राणे, काय मिसळता? मी तपासून आणलं. कागद दाखवला. तरी म्हणायचे, माझ्या मुलीची गाडी खोटं बोलायची नाही."

"आता पुरे ना भाऊ," आत्या म्हणाली. "मेलेल्या मानसासंग भांडतं का कोनी?"

"भांडत नाही आक्का. मनाला लागलं होतं म्हणून बोललो."

हेमांगीनं चावी घेतली आणि ताडपत्री ओढली. आत उन्हानं तापलेल्या सीटचा वास होता आणि त्यात नानांच्या तपकिरीचा. तिनं गाडी चालू केली. पडदा उजळला.

आणखी ४०४ किमी. इंधनाची प्रत तपासा.

काठोकाठ भरलेली टाकी, आणि चारशे चार. तिनं सवयीनं पडद्याच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरलं, आपला संकेतशब्द घातला आणि कामाचं पान उघडलं. ग्राहकाला हे पान दिसत नाही. चढ, वारा, हवा, एसी, एथेनॉल, प्रत्येकाच्या रेषा खाली ओळीनं उभ्या होत्या. सगळ्या जिथल्या तिथे. सगळ्यात खाली चालक-गुणक.

तो वर्षभर सरळ चालला होता, नानांच्या फळ्यावरच्या ओळींसारखा. कार्तिकात एक पायरी उतरला. मग काही दिवस सावरला. संक्रांतीनंतर दुसरी पायरी. होळीच्या सुमारास तिसरी, ही खोल. तिथून पुढे तो नुसता थरथरत होता.

पायऱ्या तीन होत्या. डॉक्टरांच्या चित्रात ठिपकेही तीनच होते.

मर्यादा ओलांडताच तिनं लिहिलेल्या ओळीनं तिचं काम चोख केलं होतं. पायाचा सगळा फरक उचलून पेट्रोलवर टाकला होता.

"अशी काय दगडावानी बसली वं?" आत्या दाराशी वाकून म्हणाली.

"आत्या, नानांचा पाय दुखत होता का?"

"दुखत नव्हता. पन चप्पल राहत नव्हती पायात. दोनदा माह्या दारात ठेचकायला. मी म्हटलं, पेल्हाद, डाक्टरले दाखव. तर म्हने, चप्पलच ढिली झाली. नवी घेतली. मग म्हने, गाडीचं पेडल गुळगुळीत झालं, पाय सरकतो. हेमी आली की तिले दाखवतो म्हने."

"मला म्हणाले नाहीत."

"तुले कशाले म्हनतीन? तू पुन्याहून ये, रजा काढ, मग तुह्या सायबाचं तोंड. त्याले सोताच जायाचं व्हतं तुह्याकडे. राह्यला. दोन-तीन महिने." आत्यानं पदरानं तोंड पुसलं. "पन वाटंत पंपावर उतरायची लाज वाटे त्याले. उतरलं की पाय चाचपडे, लोकं बघत. म्हने, आक्का, एका टाकीत पुनं झालं ना, तर खाली पाय न टेकवता हेमीच्या दारात जाऊन उभा राहीन. रोज बघे तो आकडा. आज चारशे वीस, आज चारशे दहा. मी म्हटलं, अरे, फोन करून इचार तिले, येऊ का म्हनून. तर म्हने, इचारलं. ती म्हने ट्रेननं या."

पंपावर एक ट्रॅक्टर आला. राण्यांनी कुणाला तरी हाक मारली. हेमांगीनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, मग खाली घेतले.

तिथूनच तिनं दामल्यांना फोन केला. काय सापडलं ते सांगितलं, एकही शब्द जास्त न वापरता.

"हेमांगी, आधी मला खरंच वाईट वाटतंय," दामले म्हणाले. आणि ते खरं होतं. मग त्यांचा आवाज बदलला, तो बदलू नये म्हणून त्यांनी केलेला प्रयत्नही तिला ऐकू आला. "तुला कळतंय का हे काय आहे? दवाखान्यात कळायच्या आधी सहा महिने गाडीला कळलं. फक्त पेडलवरून. गाडी चालवू नकोस. एक किलोमीटरही नाही. शेवटचा किलोमीटर त्यांच्या पायाचा असायला हवा, नाहीतर सरकारी मान्यतेसाठी पुरावा म्हणून उभा राहत नाही. मी ट्रेलर पाठवतो."

"आणि पुढे?"

"पुढे सेवा. गुणक घसरला की सूचना. परगावी राहणारी मुलं डोळे झाकून वर्गणी भरतील. विमा कंपन्या तर रांग लावतील."

"चालकाला काय दाखवायचं?"

"म्हणजे?"

"म्हणजे ज्याचा पाय आहे त्याला. त्याच्या पडद्यावर काय येणार?"

"सध्या आहे तेच ठेवू. इंधनाची प्रत तपासा." दामले अवघडले. "गाडीनं माणसाला तू आजारी आहेस असं तोंडावर सांगायचं नसतं. घाबरून भर रस्त्यात काही केलं तर? खटला आपल्यावर. मुलांना कळलं की मुलं सांगतीलच ना."

"विमावाल्याला कळेल, मुलांना कळेल. आणि तो पंप बदलत बसेल."

"मुलं सांगतील, हेमांगी."

"मला परवानगी मिळाली होती, सर. गुरुवारी संध्याकाळी. त्यांनी 'मान्य' दाबलं होतं. मी उघडून बघितलं नाही." तिचा आवाज साधाच होता, हिशेबातली चूक दाखवावी तसा. "मुलं अशी असतात. मुलं चावी काढून घेतील, सर. नाहीतर पुढच्या आठवड्यावर टाकतील."

"तू आत्ता मनःस्थितीत नाहीस. ट्रेलर येऊ दे. तो डेटा तसाही कंपनीचा आहे."

"पाय माझ्या वडिलांचा होता," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मग तिनं कामाच्या पानावरच्या सगळ्या रेषा उतरवून घेतल्या आणि डॉक्टर झोप्यांना पाठवल्या. वर एवढंच लिहिलं: तुम्ही विचारलं होतं, सरांनी कधी तक्रार केली होती का. ही त्यांची तक्रार. तुमच्या चित्राशी ताडून बघा आणि ज्यांना उपयोग होईल त्या सगळ्यांना दाखवा. हे पाठवल्याबद्दल नोकरी जाईल हे तिला माहीत होतं. राण्यांजवळ जाऊन ती म्हणाली, "तुमचं पेट्रोल चांगलं होतं." राण्यांनी चष्मा काढला आणि ते तो पुसायला लागले.

"कुठं निंघाली आता?" आत्यानं विचारलं.

"तुम्हाला रावेरला सोडते. मग पुण्याला."

"मले रिक्षा हाय. पोचशील का एका टाकीत?"

"पोचेन."

"मंग जाय," आत्या म्हणाली. "पोचली की फोन कर. इसरू नको."

*

भुसावळ गेलं, जळगाव गेलं. दोन्ही बाजूंना केळीची पानं उन्हानं करपून लोंबत होती. हेमांगी गाडी चालवत होती जशी ती नेहमी चालवते, पेडलवर पाय असा की आत बसलेल्याला कळू नये. तिला ते नानांनीच शिकवलं होतं, कॉलेजच्या मागच्या मोकळ्या मैदानात, जुन्या गाडीवर. डॅशबोर्डवर पाण्याचा पेला ठेवायचे. सांडलं की ते पाणी तूच पुसायचं, म्हणायचे.

गाडी जुन्या चालकाला हळूहळू विसरते. तिनंच तशी रचना केली होती. ताज्या किलोमीटरचं वजन जास्त, मागच्याचं कमी, त्यामागच्याचं आणखी कमी. दुसऱ्याचा पाय पेडलवर आला की अडीचशे किलोमीटरच्या आत पहिल्याचा मागमूस उरत नाही. गाडी विकली, मुलाला दिली, तर अंदाज चुकू नये म्हणून. ही सोय ग्राहकांना आवडली होती.

निघताना चारशे चार होतं. पन्नास किलोमीटर चालून झाल्यावर चारशे एकोणीस झालं. खरं तर कमी व्हायला हवं होतं. फर्दापूरच्या अलीकडे चारशे सव्वीस. ती जेवढी पुढे जात होती तेवढं पुणे जवळ येत होतं आणि आकडा तरीही वाढत होता. त्या वाढणाऱ्या प्रत्येक किलोमीटरमागे नानांचा एकेक अडखळता पाय पुसला जात होता. थांबावं, असं तिला वाटलं. पण थांबून काय करणार? ट्रेलर मागवणार?

अजिंठ्याचा घाट सुरू झाला. एका वळणावर समोरून ट्रक आला, तिनं पाय अलगद उचलला, ट्रक गेला, परत अलगद टेकवला. एवढंच. या एवढ्याशा गोष्टीसाठी नानांना गेले सहा महिने किती धडपडावं लागलं असेल, ते तिच्या पायाला पहिल्यांदा कळलं. दाबायला जावं तर जास्त दाबलं जायचं. घाबरून ब्रेक. परत दाबायचं. आणि पडद्यावर रोज थोडं कमी, रोज थोडं कमी. पुणे रोज थोडं लांब.

घाट संपला तिथे पडद्यावरची पिवळी पाटी विझली. गुणक मर्यादेत परत आला होता. त्याच टाकीतलं, त्याच राण्यांच्या पंपावरचं, नानांनीच उभं राहून भरलेलं पेट्रोल. खाली हिरव्या अक्षरांत नवी ओळ आली.

इंधनाची प्रत समाधानकारक.

तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं. एसी थांबला तसा गरम वारा आत यायला लागला, आणि त्याबरोबर तपकिरीचा वास पुन्हा वर आला. शेजारच्या सीटवर त्यांचा नवा चपलांचा जोड होता, मागच्या बाजूला पट्टा असलेला. पायातून निसटू नये म्हणून लहान मुलांना घेतात तसला.

टायरमधली हवा. एसी. एथेनॉल. फुल टू फुल. गुरुवारच्या फोनमधलं एकेक वाक्य तिला पाठ होतं. त्यांची वाक्यं तिनं आता मनातल्या मनात जशीच्या तशी येऊ दिली. बंद पडली असती तर बरं. चालते आहे. पण ॲव्हरेज पडलंय गं, हेमे.

मग रिकाम्या गाडीत ती, तिकडे कुणी ऐकतंय अशा आवाजात म्हणाली,

"गाडी चांगली आहे, नाना. गाडीचं राहू द्या. तुम्हाला काय होतंय?"